लिंबाला खत कधी आणि किती? तिरुविडैमरुदूरच्या मातीतून समजून घेऊ

आजचा विषय आहे जमिनीत लावलेल्या लिंबाच्या झाडाला खत. कुंडीतल्या लिंबाबद्दल आज बोलायचं नाही. परसात, बांधावर, विहिरीजवळ किंवा बागेत, थेट जमिनीत मुळं सोडलेलं जे झाड आहे, त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

या विषयावर येणारे प्रश्न साधारण एकाच वळणाचे असतात. झाड पाच-सहा वर्षांचं झालं, पानं पिवळी पडतात, फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. युरिया टाकून झाला, शेणखत टाकून झालं. आता काढून टाकू का? या शेवटच्या प्रश्नाची मला जास्त काळजी वाटते. जमिनीतलं लिंबू नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं घराला फळ देतं. असं झाड खताअभावी जातं, तसंच चुकीच्या वेळी दिलेल्या खतानेही जातं.

आज मी उदाहरण घेणार आहे तिरुविडैमरुदूरचं. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की साधारण आठ किलोमीटरवर हे गाव लागतं. कावेरीच्या खोऱ्यातलं, महालिंगस्वामींच्या मोठ्या देवळाचं गाव. मराठी माणसाला हे नाव अगदीच परकं नसावं. १७९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरच्या गादीवर सरफोजीराजांना बसवलं, तेव्हा पायउतार झालेले अमरसिंहराजे पेन्शन घेऊन याच गावी येऊन राहिले. तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात मराठी बोलणारी घरं आजही आहेत. आणखी एक गोष्ट. या गावाचं नावच झाडावरून आलेलं आहे. मरुदु म्हणजे आपला अर्जुनवृक्ष, अर्जुनसादडा. म्हणून संस्कृतात या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात.

पण मी हे उदाहरण घेण्याचं खरं कारण शेतीचं आहे. मराठीत लिंबू-संत्र्याबद्दल जे काही बोललं आणि लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक विदर्भाच्या, नाहीतर पश्चिम महाराष्ट्राच्या जमिनीबद्दल असतं. ते वेळापत्रक उचलून कावेरीच्या काठी वापरलं, तर खत नेमकं नको त्या वेळी पडतं. आणि हे असं का होतं ते एकदा समजलं, की तुम्ही बेळगावात असा, बडोद्यात असा, इंदुरात असा की कोकणात, आपलं वेळापत्रक आपल्याला बसवता येतं.

आधी पाऊस बघा, मग खताची पिशवी उघडा

महाराष्ट्रात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर. कावेरीच्या मुखाकडच्या भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे परतीचा, ईशान्येकडून येणारा. तमिळ पंचांगातले ऐप्पसी आणि कार्तिगै हे महिने तिथे झडीचे. आपल्याकडे दिवाळीत अंगण सारवून रांगोळी टिकते, तिथे दिवाळीच्या सुमाराला छत्री लागते. जून महिन्यात तिथे पाऊस फार नसतो, पण मेट्टूर धरणाचं पाणी सोडण्याची परंपरेने ठरलेली तारीख १२ जून. म्हणजे जूनपासून कालव्यांना पाणी, आणि ऑक्टोबरपासून आभाळातूनही पाणी.

आता झाडाच्या बाजूने विचार करा. लिंबू सदाहरित झाड आहे. वर्षातून दोन-तीनदा नवी पालवी फुटते, आणि या पालवीबरोबरच कळ्या येतात. पालवी फुटायच्या जरा आधी मुळांपाशी अन्न तयार असलं पाहिजे. आणि मुळांना ते घेता यावं म्हणून माती ओली पाहिजे, पण तुंबलेली नको. या दोन अटी जिथे एकत्र येतात ती खताची वेळ. महिन्याचं नाव प्रत्येक प्रदेशात वेगळं निघेल, अटी मात्र याच राहतील.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाची लिंबासाठीची शिफारस या अटींवरच उभी आहे. नत्र दोन हप्त्यांत, मार्च आणि ऑक्टोबर. शेणखत, स्फुरद आणि पालाश एकदाच, ऑक्टोबरमध्ये. विदर्भातला बागायतदार काय करतो? अंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतो, ताण तोडताना पहिल्या पाण्याबरोबर अर्धं नत्र आणि पूर्ण स्फुरद-पालाश देतो, आणि उरलेलं नत्र फळधारणा झाल्यावर. दोन्हीकडे तर्क एकच आहे, फक्त तारखा वेगळ्या. विदर्भातला माणूस ताण देऊ शकतो, कारण त्याच्या हिवाळ्यात जमीन सुकते. तिरुविडैमरुदूरला डिसेंबरात ताण द्यायला जमीन कोरडी सापडतच नाही. तिथे ताण पडतो तो फेब्रुवारीच्या आसपास, आणि म्हणून मार्चचा हप्ता.

किती द्यायचं: हिशेब एकदा करून ठेवा

आता प्रमाण. याच विद्यापीठाच्या शिफारशीत पहिल्या वर्षी दर झाडाला १० किलो शेणखत, २०० ग्रॅम नत्र, १०० ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश सांगितलं आहे. त्यानंतर दर वर्षी ५ किलो शेणखत, १०० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद आणि ४० ग्रॅम पालाश वाढवत जायचं. सहाव्या वर्षापासून पुढे दर वर्षी ३० किलो शेणखत, ६०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम स्फुरद आणि ३०० ग्रॅम पालाश.

इथे पुष्कळांची गल्लत होते. ६०० ग्रॅम नत्र म्हणजे ६०० ग्रॅम युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के असतं. म्हणून ६०० ग्रॅम नत्रासाठी युरिया लागतो सुमारे १ किलो ३०० ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणून २०० ग्रॅमसाठी सव्वा किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणून ३०० ग्रॅमसाठी अर्धा किलो. हे सगळं पूर्ण वाढलेल्या झाडाचं आणि पूर्ण वर्षाचं आहे.

पहिल्या वर्षाच्या रोपाचा हिशेब असा: युरिया सुमारे ४३५ ग्रॅम, सुपर फॉस्फेट ६२५ ग्रॅम, पोटॅश सुमारे १७० ग्रॅम. हा युरिया कोवळ्या रोपाला दोनच वेळात द्यायला मन धजत नसेल, तर चार भाग करा. एका वेळी सव्वाशे ग्रॅमच्या आत. लहान झाडाला थोडं थोडं, जास्त वेळा दिलेलं कधीही चांगलं.

परसातल्या झाडासाठी माझा आणखी एक सल्ला. वयावरून प्रमाण ठरवताना झाडाचा आकारही बघा. सहा वर्षांचं झाड खुरटून तीन वर्षांच्या झाडाएवढंच राहिलं असेल, तर त्याला तीन वर्षांचाच डोस द्या. खुरटलेल्या झाडाची मुळंही तेवढीच असतात. त्याला सहाव्या वर्षाचं ताट वाढलं तर ते खाणार नाही, उलट क्षारांनी मुळं करपतील.

शेणखताने भागेल का?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. ३० किलो शेणखत म्हणजे १५० ग्रॅम नत्र. झाडाची गरज ६०० ग्रॅमची. म्हणजे शेणखत पावभर गरज भागवतं. तरीही ते टाळता येत नाही, कारण त्याचं मोठं काम मातीत आहे. कावेरीच्या गाळाची माती बारीक कणांची, चिकट. ती ओली झाली की लोण्यासारखी, सुकली की भेगाळते. अशा मातीत हवा खेळती ठेवायचं काम शेणखत करतं.

पूर्ण सेंद्रिय पद्धतीनेच करायचं असेल तर पेंडी वापरा. निंबोळी पेंडीत नत्र चार-पाच टक्के असतं. पाच किलो पेंडीतून दोनशे ते अडीचशे ग्रॅम नत्र मिळतं, आणि तेही हळूहळू. शेणखत आणि पेंड मिळून गरजेच्या दोन तृतीयांशापर्यंत पोहोचता येतं. घरच्या झाडाला, ज्याच्याकडून बाजाराचं उत्पन्न काढायचं नाही, तेवढं चालतं. जीवामृत किंवा पंचगव्य फवारणारे पुष्कळ आहेत. जरूर फवारा, पण त्यातून मिळणारं नत्र मोजलं तर ते अगदी थोडं असतं. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आणि दोन गोष्टी जपा. ताजं शेण बुंध्याशी घालू नका. ते कुजताना तापतं आणि मुळांना इजा करतं. दुसरं, कावेरीच्या पट्ट्यात भाताचा पेंढा मुबलक. तो आच्छादनाला उत्तम, पण जमिनीवर अंथरायचा, मातीत मिसळायचा नाही. कच्चा पेंढा मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि झाड उपाशी राहतं.

कुठे द्यायचं: बुंधा सोडा, सावली धरा

दुपारी बारा वाजता झाडाची सावली जमिनीवर जिथे संपते, तिथे एक गोल रेघ मारा. खत घेणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. ती या रेघेच्या आसपास, आत आणि थोडी बाहेर, वरच्या फूटभर-दीड फूट मातीत पसरलेली असतात. म्हणून बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंतचं जे अंतर, त्याच्या अर्ध्यावर सुरुवात करायची आणि कडेच्या बाहेर वीतभर जाऊन थांबायचं. या पट्ट्यात खत सारखं पसरायचं.

खोल खणू नका. दोन-तीन इंच माती हलक्या हाताने खुरप्याने मोकळी करा, खत पसरा, माती ओढून घ्या आणि पाणी द्या. कोरड्या मातीत रासायनिक खत कधीही टाकायचं नाही. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवलेलं उत्तम.

बुंध्याशी खत आणि पाणी साचलं तर काय होतं? लिंबाच्या सालीला डिंक्या लागतो. फायटोप्थोरा नावाची बुरशी ओल्या सालीतून शिरते, साल तडकते, डिंक ओघळतो. म्हणून आळं दुहेरी करायचं. बुंध्याभोवती फूटभर मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं गोल आळं. पाणी बाहेरच्या आळ्यात भरायचं, आणि बुंधा कोरडा ठेवायचा.

ऑक्टोबरचा हप्ता: इथेच झाडं जातात

आता तिरुविडैमरुदूरचा खरा पेच. शिफारस ऑक्टोबरची, आणि जोराचा पाऊसही ऑक्टोबरपासूनच. मग खत वाहून जाणार नाही का?

जाईल, आणि वाहण्यापेक्षाही वेगळ्या वाटेने जाईल. माती पाण्याने भरली की तिच्यातली हवा संपते. मातीतल्या काही जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू मिळेनासा होतो, तेव्हा ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, आणि उरलेलं नत्र वायू होऊन हवेत निघून जातं. तुम्ही पैसे मोजून आणलेला युरिया अक्षरशः उडून जातो. शेजारच्या भातखाचराला या साचलेल्या पाण्याचा त्रास नाही, कारण भाताच्या देठातून मुळांपर्यंत हवा जायची सोय असते. लिंबाकडे ती नाही. त्याची मुळं पाण्याखाली राहिली की गुदमरतात आणि मग सडतात.

म्हणून पावसाच्या ऑक्टोबरात मी असं सुचवेन. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एक चांगला पाऊस पडून माती ओली झाली आणि मोठ्या झडीला अजून अवकाश आहे, तेव्हा शेणखत, सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि ऑक्टोबरच्या नत्रातलं अर्धंच नत्र द्या. उरलेलं अर्धं हातात ठेवा. जानेवारीत पाणी ओसरून माती मोकळी झाली, की ते द्या. चक्रीवादळाचा इशारा असेल तर खताची पिशवी उघडूच नका. दोन आठवडे उशीर झाला म्हणून झाड मरत नाही. पाण्यात उभ्या असलेल्या झाडाला युरिया घातला तर मरू शकतं.

खताआधी पाणी निघून जायची वाट करा. नवं रोप लावत असाल तर आजूबाजूपेक्षा दीड-दोन फूट उंच वरंब्यावर लावा. आधीच लावलेलं झाड खोलात असेल, तर सावलीच्या कडेबाहेरून एक चर काढून तो गटाराकडे किंवा उताराकडे काढून द्या. पावसाळ्याआधी हे दोन तासांचं काम केलं, तर पुढचं सगळं खत कामी येतं.

पिवळं पान काय सांगतं

पान पिवळं पडलं की युरिया, असा सरसकट समज आहे. पण पिवळेपणाचे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पान हातात घ्या. पहिला प्रश्न: पिवळं झालंय ते पान जुनं आहे की नवं?

जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी, शिरांसकट: नत्र कमी आहे. इथे युरिया काम करतो.

जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरलाय आणि बाकी पान पिवळं: मॅग्नेशियम कमी आहे.

नवी पानं पिवळी, पण शिरांचं हिरवं जाळं स्पष्ट दिसतंय: लोह कमी आहे. विम्लधर्मी आणि पाणी धरणाऱ्या मातीत हे फार दिसतं. मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही.

नवी पानं लहान, अरुंद, टोकदार, शिरांच्या मध्ये पिवळसर-पांढुरके पट्टे: जस्त कमी आहे. लिंबूवर्गीय झाडांत ही कमतरता देशभर दिसते, विदर्भातही आणि कावेरीच्या काठीही.

जस्तासाठी तमिळनाडूची शिफारस मार्च, जुलै आणि ऑक्टोबर अशी वर्षातून तीनदा, नवी पालवी आल्यावर, ०.५ टक्के झिंक सल्फेटच्या फवाऱ्याची आहे. म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. त्यात निम्मा, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम, विरी गेलेला चुना निवळून घाला, नाहीतर पानं भाजतात. सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. हे द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा, आणि त्यात दुसरं खत मिसळू नका.

आता दोन पिवळेपण असे आहेत की जिथे खत देणं हीच चूक ठरते.

एक, झाडाची सगळीच पानं मलूल, पिवळी, माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं. हे मुळं सडल्याचं लक्षण. सावलीच्या कडेला हातभर माती उकरा आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल हातात येऊन आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर मुळं सडली आहेत. अशा झाडाला खत म्हणजे आजाऱ्याला पंगतीत बसवणं. आधी निचरा करा, आळं मोकळं करा, नवी पांढरी मुळं दिसेपर्यंत थांबा. मुळं कमी झाली आहेत, तर वरचा भारही कमी करा: वाळक्या फांद्या छाटा, धरलेली फळं तोडा.

दोन, पानावर पिवळे-हिरवे डाग, आणि मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूंचे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. फळं लहान, वाकडी, एका बाजूने हिरवीच राहतात. हा ग्रीनिंग रोग असू शकतो. सिट्रस सायला नावाची बारीक कीड तो पसरवते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तो २००५ मध्ये सापडला. तिथल्या बागायतदारांनी झाडांना भरपूर अन्नद्रव्यं देऊन पाहिली, पण रोग बरा झाला नाही, आणि त्या राज्याचा संत्र्यांचा धंदा पुरता खालावला. अन्नद्रव्यांच्या कमतरतेत डाग दोन्ही बाजूंना सारखे असतात, रोगात ते असमान असतात. ही एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी वर्षभराचे पैसे वाचतात. शंका आली तर फांदी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. महाराष्ट्रात असाल तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच झाडांवर काम करते.

मीठ, खिळे आणि बाकीचे उपाय

कावेरीच्या काठी काय आणि कोकणात काय, परसात नारळ असतो, आणि नारळाला मीठ घालायची रीत आहे. नारळ ते सहन करतो. लिंबू मिठाला फार नाजूक आहे. नारळ आणि लिंबू शेजारी असतील तर नारळाच्या आळ्यातलं मीठ लिंबाकडे वाहून येणार नाही हे बघा. समुद्राकडच्या गावांत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारट असेल, तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. म्युरेटमध्ये क्लोराइड असतं, ते लिंबाला झेपत नाही. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ५० टक्के, म्हणून ३०० ग्रॅमसाठी ६०० ग्रॅम लागेल. महाग पडतं, पण खारट पाण्याच्या गावात तेच परवडतं.

फळ धरत नाही म्हणून बुंध्यात खिळे ठोकणं बंद करा. त्यातून लोह मिळत नाही. जखम मात्र होते, आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. चुलीची राख मूठभर ठीक, पण कावेरीच्या गाळात, किंवा विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या मातीत, राखेचे ढीग घालू नका. राख मातीचा पीएच वाढवते आणि लोह-जस्ताची अडचण आणखी वाढते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हीच राख उपयोगाची ठरते. शेजाऱ्याचा उपाय आपल्या मातीला लागू पडेलच असं नाही, हे एवढ्यासाठीच सांगतो.

आणि झाड हिरवंगार आहे, वर्षभर फुटतं, पण फळ नाही? मग नत्र कमी करा. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं. बियांपासून वाढवलेलं असेल तर त्याला तसाही वेळ लागतो, चार-सहा वर्षं. आणि ऊन बघा. नारळाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत लावलेलं लिंबू कितीही खत दिलं तरी फळत नाही.

वर्षाचं पान

आता कावेरीकाठच्या पूर्ण वाढलेल्या एका झाडाचं वर्ष एका जागी मांडतो, लिहून घ्या.

सप्टेंबर: चर मोकळे करा, आळं दुरुस्त करा, वाळक्या फांद्या काढा.

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा: ३० किलो शेणखत, सव्वा किलो सुपर फॉस्फेट, अर्धा किलो पोटॅश, ३२५ ग्रॅम युरिया. नवी पालवी आल्यावर झिंकचा फवारा.

ऑक्टोबर ते डिसेंबर: जमिनीत काही नाही. फक्त पाणी तुंबतंय का ते बघणं.

जानेवारी: माती मोकळी झाल्यावर ३२५ ग्रॅम युरिया.

मार्च: आदल्या दिवशी पाणी देऊन ६५० ग्रॅम युरिया, नवी पालवी आल्यावर झिंकचा फवारा.

एप्रिल-मे: पेंढ्याचं आच्छादन आणि नियमित पाणी. या दिवसांत पाण्याची ओढ बसली तर फळं गळतात, आणि त्याचा दोष उगाच खतावर जातो.

जुलै: झिंकचा तिसरा फवारा.

हेच पान कोकणात न्यायचं असेल तर जून-जुलैच्या धुवाधार पावसात काही देऊ नका, पावसाच्या आधी आणि ओसरताना असे दोन हप्ते करा. विदर्भात न्यायचं असेल तर ज्या बहाराला ताण देता, त्या ताणाच्या शेवटाला हप्ता जोडा. तुमच्या गावची माती कधी ओली असते आणि कधी तुंबते, हे कॅलेंडरवर दोन रंगांनी रंगवा. ओल्या आणि न तुंबलेल्या दिवसांत जी पालवी येते, तिच्या आधीचे पंधरा दिवस तुमच्या खताचे.

आणि तो पहिला प्रश्न, झाड काढून टाकू का? आधी पान बघा, मग मूळ बघा, मग पाणी कुठे जातंय ते बघा. मुळं पांढरी असतील आणि डाग दोन्ही बाजूंना सारखे असतील, तर झाड वाचतं. त्याला दोन पावसाळे द्या. पुढच्या भागात आपण लिंबाची छाटणी बघणार आहोत: कोणती फांदी ठेवायची आणि कोणती बिनदिक्कत कापायची. तोपर्यंत आपल्या झाडाखाली दुपारी बारा वाजता एकदा उभे राहा आणि सावलीची रेघ मारून ठेवा.